भौतिकोपचाराची पदवी व गरीब घरचा हिशेब



गेल्या उन्हाळ्यांत, बारावीचा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हां आमच्या शाळेंतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलीचे वडील आम्हांस भेटावयास आले. सेनगांव तालुक्यांत त्यांची दोन एकर जमीन आहे. एका हातांत पिशवी होती, तींत हळद विकून आलेले पैसे. दुसऱ्या हातांत एका दूरच्या शहरांतील महाविद्यालयाचें रंगीत पत्रक. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीला फिजिओथेरपी शिकायची आहे. हे कॉलेज सगळ्यांत स्वस्त आहे म्हणतात. आज पैसे भरले नाहीत तर जागा जाईल. पुढच्या वर्षांसाठी शेत गहाण टाकायची तयारी आहे. भरू का?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या क्षणीं देतां आलें नाहीं. त्यांस बसवून घेतलें, मुलीसही बोलावून घेतलें, आणि कागद-पेन्सिल घेऊन दोन तास हिशेब केला. पदवीचें नांव एकच असतां एका घरास ती झेपते आणि दुसऱ्या घरास बुडविते, हें त्या दोन तासांत आम्हांस स्पष्ट दिसलें. असाच प्रश्न तुमच्यांपैकीं अनेकांच्या घरीं उद्यां उभा राहील, म्हणून तो धडा येथें क्रमानें मांडतों.

प्रथम हा व्यवसाय काय आहे तें पाहूं. हाडें, सांधे, स्नायू व मज्जातंतू यांच्या विकारांनीं ज्यांची हालचाल मंदावली किंवा थांबली, त्यांस व्यायाम, हस्तकौशल्य, उष्णता, विद्युत् इत्यादि साधनांनीं पुनः हिंडतें-फिरतें करणें, यास भौतिकोपचार अथवा फिजिओथेरपी म्हणतात. पक्षाघातानें एक बाजू लुळी पडलेला शेतकरी, मोटारसायकलवरून पडून मांडीचें हाड मोडलेला तरुण, जन्मापासून मान न धरणारें बालक, हळदीच्या व उसाच्या रानांत वर्षानुवर्षें वांकून काम केल्यामुळें कंबर धरलेली मजूर स्त्री, हे सर्व या उपचाराचे अधिकारी होत. शस्त्रक्रिया करणारा वैद्य हाड बसवितो. परंतु त्या पायानें पुनः बांधावरून चालतां येणें हें पुष्कळदां भौतिकोपचारकाच्या चिकाटीवर अवलंबून असतें.

हा व्यवसाय फार जुना नाहीं. इ. स. १८९४ मध्यें इंग्लंडांत चार परिचारिकांनीं एकत्र येऊन अंगमर्दनाचें रीतसर शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. त्या काळीं मालिशच्या नांवाखालीं अशिक्षित व अप्रामाणिक लोकही धंदा करीत आणि त्यामुळें खरें काम करणारांस बट्टा लागे. परीक्षा घेऊन, प्रमाणपत्र देऊन, खरे कोण हें लोकांस कळावें हा त्या चौघींचा हेतु होता. त्यांचें तें लहानसें रोप आज इंग्लंडांतील भौतिकोपचारकांची मोठी संस्था होऊन बसलें आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण मान्यतेच्या प्रश्नाशीं तिचा निकट संबंध आहे.

आपल्या महाराष्ट्रांत या विद्येस चालना मिळाली ती पोलिओच्या रोगामुळें. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला. तिच्या उपचारासाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली. आणि आपल्या मुलीस जें मिळालें तें इतर मुलांसही मिळावें म्हणून १९४७ सालीं त्यांनीं मुंबईंत पोलिओग्रस्त मुलांसाठीं चिकित्सालय उघडलें. पुढें थोड्याच वर्षांत, १९५२-५३ च्या सुमारास, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचार शिकविणारी देशांतील पहिली शाळा सुरू झाली. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु वार्धक्य, अपघात, पक्षाघात व संधिवात हे काय थोडे आहेत? रोग पालटला, पण उपचारकाची गरज उरलीच.

आपल्या जिल्ह्याची स्थिति पाहा. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. २०२४ सालीं येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. तरी भौतिकोपचाराच्या पदवीसाठीं आपल्या मुलांस सामान्यतः जिल्ह्याबाहेर जावें लागतें. म्हणजे शुल्काच्या जोडीला खोली, खानावळ व प्रवास आलाच. हिंगोलीच्या मुलाचा हिशेब पुण्या-मुंबईच्या मुलासारखा नसतो, तो या कारणानें. आतां धड्याकडे वळूं. महाविद्यालय निवडतांना पांच प्रश्न विचारावे, आणि ते याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : मान्यता आहे काय? जी पदवी घेऊन नोंदणी होत नाहीं, ती फुकट मिळाली तरी महागच. आपल्या राज्यांत व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे. शिवाय २०२१ च्या कायद्यानें सर्व देशासाठीं संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग निर्माण झाला आहे. राज्यांतील बहुतेक महाविद्यालयें नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न असतात. पत्रकावर "मान्यताप्राप्त" असें छापलेलें असतें. तें वाचून थांबूं नये. कोणाची मान्यता, कोणत्या वर्षापासून, किती जागांस, हें विद्यापीठाच्या व परिषदेच्या यादींत स्वतः पाहावें. सहा महिन्यांत किंवा वर्षांत "फिजिओथेरपिस्ट" करून देतों असें कोणी म्हणेल, तर १८९४ च्या त्या चार परिचारिकांचें स्मरण करावें आणि नमस्कार करून निघावें.

दुसरा प्रश्न : प्रवेश कोणत्या मार्गानें? बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात. म्हणून ज्यांस या वाटेनें जावयाचें आहे त्यांनीं दहावीनंतर शाखा निवडतांनाच हें लक्षांत घ्यावें. नीट ही परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे प्रवेशाच्या फेऱ्या होतात. या फेऱ्यांतून मिळालेला प्रवेश आणि व्यवस्थापनाच्या कोट्यांतून पैसे भरून घेतलेला प्रवेश यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. कारण शासनाच्या बहुतेक सवलती फेऱ्यांतून आलेल्यांसच लागू पडतात. "आज भरा, नाहीं तर जागा जाईल" हें वाक्य फेऱ्यांत कोणी बोलत नाहीं. तेथें वेळापत्रक आधीं जाहीर होतें व जागा गुणानुक्रमानें मिळते.

तिसरा प्रश्न : एकूण खर्च किती? येथेंच बहुतेक घरें फसतात. पत्रकावर पहिल्या वर्षाचें शुल्क मोठ्या अक्षरांत असतें; पण घरास भरावी लागते ती सर्व वर्षांची बेरीज. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि त्यापुढें आंतरवासिता. ही आंतरवासिता पूर्वीं सहा महिन्यांची असे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत ती पूर्ण एक वर्षाची ठरविली आहे. त्या काळांतही पोट असतेंच. ज्या वर्षीं प्रवेश घेणार त्या वर्षाचा नियम पाहून तोही खर्च धरावा. तसेंच शुल्कांत "शिक्षणशुल्क" व "इतर शुल्क" असे दोन भाग असतात. सवलत मुख्यतः पहिल्या भागास मिळते, म्हणून दोन्ही आंकडे वेगवेगळे मागून घ्यावे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचें शुल्क राज्याचें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. त्याहून अधिक कोणी मागितल्यास देऊं नये, आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. देणगी घेऊन प्रवेश देण्यास आपल्या राज्यांत १९८७ पासून कायद्यानें बंदी आहे.

चौथा प्रश्न : सवलत कोणती आणि ती येथें लागू आहे काय? अनुसूचित जाति व जमातींच्या विद्यार्थ्यांस, कुटुंबाचें उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. ज्यांचें कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे अशा खुल्या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांस राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेनें निम्मे शिक्षणशुल्क परत मिळतें. आणि २०२४-२५ या वर्षापासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील मुलींस, उत्पन्न आठ लाखांच्या आंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचें संपूर्ण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. मात्र खाजगी अभिमत विद्यापीठें व स्वयं-अर्थसाहाय्यित विद्यापीठें या शेवटच्या सवलतींतून वगळलीं आहेत. हा "मात्र" फार महत्त्वाचा आहे. तो किती महत्त्वाचा, हें उदाहरणानें दाखवितों. खालील आंकडे केवळ हिशेबासाठीं कल्पिलेले आहेत. प्रत्येकानें त्यांच्या जागीं आपले खरे आंकडे घालावे.

समजा, पहिलें महाविद्यालय जवळच्या शहरांतील खाजगी, फेऱ्यांतून प्रवेश देणारें आहे. वार्षिक शुल्क १,२०,००० रुपये, त्यांत शिक्षणशुल्क १,००,००० व इतर २०,०००. राहणें-जेवणें दरमहा ६,०००, म्हणजे वर्षास ७२,०००. दुसरें महाविद्यालय दूरच्या मोठ्या शहरांतील सरकारी. शुल्क २०,०००, त्यांत शिक्षणशुल्क १५,००० व इतर ५,०००; परंतु राहणें-जेवणें दरमहा ९,०००, म्हणजे वर्षास १,०८,०००. तिसरें खाजगी अभिमत विद्यापीठांतील. शुल्क १,००,०००, राहणें-जेवणें वर्षास ७२,०००.

सवलत न धरतां चार वर्षांचा हिशेब असा : पहिलें ७,६८,०००, दुसरें ५,१२,०००, तिसरें ६,८८,०००. खाजगी दोहोंत तिसरें स्वस्त दिसतें, आणि पत्रकही तेंच सांगतें.

आतां सवलतीस पात्र असलेल्या मुलीचा हिशेब करूं. पहिल्या महाविद्यालयांत तिला वर्षास २०,००० व ७२,००० मिळून ९२,००० लागतील; चार वर्षांचे ३,६८,०००. दुसऱ्यांत ५,००० व १,०८,००० मिळून १,१३,०००; चार वर्षांचे ४,५२,०००. तिसऱ्यांत सवलत नाहीं, म्हणून ६,८८,००० तसेच राहिले. जें स्वस्त म्हणून डोळ्यांत भरलें, तेंच सर्वांत महाग ठरलें. आणि जें सर्वांत महाग वाटत होतें, तें सर्वांत स्वस्त!

निम्म्या सवलतीस पात्र असलेल्या मुलाचा हिशेब मात्र निराळा. पहिल्यांत त्याला वर्षास १,४२,०००, म्हणजे चार वर्षांत ५,६८,०००. दुसऱ्यांत वर्षास १,२०,५००, म्हणजे चार वर्षांत ४,८२,०००. त्याच्यासाठीं दूरचें सरकारी महाविद्यालयच बरें. एकाच वर्गांतील दोन मुलांस एकच उत्तर लागू पडत नाहीं. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें कोठें प्रवेश घेतला हें पाहून आपला निर्णय करूं नये.

यांत वसतिगृह आलें म्हणजे चित्र पुनः पालटतें. वरील मुलीस दुसऱ्या शहरांत वसतिगृहांत जागा मिळून राहण्या-जेवण्याचा खर्च दरमहा ४,००० वर आला, तर तिचा वर्षाचा खर्च ५३,००० व चार वर्षांचा २,१२,००० होतो. गरीब विद्यार्थ्यास शुल्काहून खानावळ अधिक जड जाते ती ही अशी. यास्तव समाजकल्याण खात्याचीं वसतिगृहें, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, यांची चौकशी प्रवेशाच्या अगोदरच करावी. सरकारी व महापालिकेच्या महाविद्यालयांत मुंबईचीं के. ई. एम., नायर व शीव येथील आणि नागपूरचें शासकीय, हीं जुनीं व नांवाजलेलीं आहेत. नीटमध्यें चांगले गुण मिळविणारानें तीं आपल्या पसंतीक्रमांत अवश्य वर लिहावीं. परंतु तेथें जागा थोड्या, म्हणून केवळ त्यांवर विसंबूंही नये.

सवलत कागदावर मिळते आणि कागद वेळेवर लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तेथें नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, आणि आधारशीं जोडलेलें विद्यार्थ्याचें बँक-खातें, हीं सर्व तयार हवींत. जात वैधता प्रमाणपत्रास महिनोन्महिने लागूं शकतात. निकालानंतर अर्ज करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. अकरावींत असतांनाच अर्ज करावा. शिवाय शिष्यवृत्तीचे व भत्त्याचे पैसे पुष्कळदां उशिरां जमा होतात, म्हणून पांच-सहा महिन्यांच्या खानावळीपुरती रक्कम हातीं असल्याशिवाय घराबाहेर पडूं नये.

पांचवा प्रश्न : कर्ज किती काढावें? वरील चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर जी तूट उरेल, तेवढेंच. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहींत, आणि शिक्षण संपल्यावर सुमारें एक वर्षपर्यंत हप्ता सुरू होत नाहीं. परंतु हप्ता थांबतो, व्याज थांबत नाहीं. पहिल्या वर्षीं घेतलेल्या एक लाखावर दरसाल दहा टक्के सरळ व्याज धरलें, तर सहा वर्षांत साठ हजार व्याज चढतें. नव्या भौतिकोपचारकास आरंभीं मिळणारें वेतन बेताचेंच असतें, हेंही पालकांनीं उघड्या डोळ्यांनीं ध्यानांत घ्यावें. तेव्हां बँकेचें कर्ज जपून काढावें. सावकाराचें काढूंच नये. आणि ज्या शेतावर सर्व घर जगतें तें शेत पदवीसाठीं गहाण टाकण्यापूर्वीं दहादां विचार करावा. पहिल्या वर्षानंतर पैसे संपून शिक्षण अर्धवट सुटलें, तर शेतही जातें व पदवीही.

एवढें झाल्यावर एक प्रश्न विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावा : हें काम आपणांस आवडेल काय? त्यास पैसा लागत नाहीं. सुटींत परवानगी घेऊन एखाद्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागांत चार दिवस बसावें. एकाच रुग्णाचें एकच बोट रोज थोडें थोडें हलवीत महिने घालवावे लागतात. रुग्ण कधीं रडतो, कधीं रागावतो. तें पाहून ज्याचें मन कंटाळत नाहीं, उलट "आज काल्हून थोडें अधिक हललें" याचा ज्यास आनंद होतो, त्यानें या मार्गानें खुशाल जावें. ज्यास तो आनंद होत नाहीं त्यानें दुसरा मार्ग धरावा. त्यांत कमीपणा नाहीं. केवळ वैद्यकीस गुण कमी पडले म्हणून इकडे येणारा मनुष्य पुढें स्वतः दुःखी होतो व रुग्णासही दुःखी करतो.

आतां त्या सेनगांवच्या पाहुण्यांचें काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. त्यांच्या हातांतील पत्रक खाजगी अभिमत विद्यापीठाचें निघालें. त्यांच्या मुलीस मिळूं शकणारी सवलत तेथें लागूच नव्हती. पैसे पिशवींतच राहिले. पण त्यांतून सारें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. मुलीचें जात वैधता प्रमाणपत्र तयार नव्हतें. त्यासाठीं बापलेकींनीं किती खेटे घातले हें त्यांस ठाऊक. पहिल्या फेरींत कोठेंही नांव लागलें नाहीं, तेव्हां तिच्या आईनें, "त्या वेळीं पैसे भरले असते तर बरं झालं असतं," असें म्हटलें, आणि आम्हांसही क्षणभर आपण चुकीचा सल्ला दिला कीं काय असें वाटलें. पुढच्या फेरींत मराठवाड्यांतीलच एका महाविद्यालयांत तिला जागा मिळाली. हळदीच्या पैशांतून पहिल्या वर्षाचें इतर शुल्क व खानावळ निघाली. शेत अजून त्यांचेंच आहे.

दिवाळींत ती शाळेंत भेटावयास आली होती. आजीच्या धरलेल्या खांद्यास रोज कोणता व्यायाम द्यावा हें आपण शिक्षकांस विचारून आलों, आणि आजी आतां स्वतःच्या हातानें वेणी घालते, असें तिनें सांगितलें.

मित्रहो, गरिबी ही लाजण्याची गोष्ट नव्हे. हिशेब न करणें ही मात्र चूक होय. ज्यांस या विषयीं विचारावयाचें असेल त्यांनीं आपल्या पालकांसह आमच्याकडे यावें. येतांना उत्पन्नाचा दाखला, एक कोरा कागद व एक पेन्सिल आणावी. रंगीत पत्रक आणलें तरी चालेल. तें आपण मिळून वाचूं.